जठरातल्या आम्लात यीस्टची बायोफिल्म: धरते कुठे, टिकते कशी, मोजायची कशी

माटुंगा_रसायन

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रकल्पाचा विषय: कॅन्डिडा अल्बिकन्स या यीस्टची बायोफिल्म (पृष्ठभागाला चिकटून वाढणारा पेशींचा थर) जठरातल्या आम्लात बनते का आणि टिकते का. स्ट्रेन एससी५३१४, ९६ खळग्यांच्या सपाट बुडाच्या पॉलिस्टायरीन प्लेट्स.

प्रयोग १: आरपीएमआय-१६४० हे वाढीचं माध्यम (१६५ मिलिमोलर मॉप्स या बफरसह, म्हणजे पीएच धरून ठेवणाऱ्या द्रव्यासह) हायड्रोक्लोरिक ॲसिडने पीएच २ वर आणलं, मिलीला १० लाख पेशी, खळग्यात १०० मायक्रोलिटर, ३७ अंशांवर २४ तास. एक्सटीटी (पेशींची श्वसनक्रिया मोजणारी रंगचाचणी) जवळजवळ शून्य, क्रिस्टल व्हायोलेट (जिवंत-मेलेलं सगळं वस्तुमान मोजणारा रंग) मात्र भरपूर.

प्रयोग २: पीएच ७ ला २४ तास वाढवलेली बायोफिल्म, पीबीएसने (फॉस्फेट बफर असलेल्या सलाईनने) एकदा धुतली, वर पीएच ३ चा कृत्रिम जठररस २०० मायक्रोलिटर, २ तास. एक्सटीटी कंट्रोलइतकंच (कंट्रोल म्हणजे आम्ल न लावलेले तुलनेचे खळगे).

पहिला निकाल म्हणतो सगळं मेलं, दुसरा म्हणतो काहीच झालं नाही. कोणता धरायचा? प्रोटोकॉल कुठे चुकतोय तेही सांगा, पुढच्या आठवड्यात नव्या प्लेट्स लावायच्या आहेत.

किण्वमित्र

दोन्ही धरू नका. तुमच्या विषयात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत, ते आधी सोडवा. बायोफिल्म *बनणं* आणि बनलेली बायोफिल्म आम्लात *टिकणं* ही दोन वेगळी कामं आहेत. त्यांना लागणारी परिस्थिती वेगळी, जनुकं वेगळी, मोजण्याची रीतही वेगळी.

बनण्यापासून सुरू करतो. अल्बिकन्सची जाड बायोफिल्म म्हणजे खाली गोल पेशींचा थर, वर तंतूंचं जाळं आणि त्यात भरलेला ग्लुकन, मॅनन, प्रथिनं, पेशीबाहेरचं डीएनए यांचा चिकट गाभा. पहिल्या ६०-९० मिनिटांत पेशी बुडाला धरतात (एएलएस१, एएलएस३ ही चिकटणारी प्रथिनं इथे लागतात), मग तंतू फुटतात, १२ तासांच्या पुढे गाभा भरू लागतो. हे सगळं बीसीआर१, ईएफजी१, टीईसी१, एनडीटी८०, आरओबी१ आणि बीआरजी१ या सहा नियामकांच्या हातात असतं. पीएचची खबर पोचवणारा निरोप्या म्हणजे रिम१०१. बाहेर पीएच ७ च्या आसपास असेल तर त्याचा शेपटाकडचा तुकडा कापला जातो, तो कामाला लागतो आणि तंतूंना हिरवा कंदील मिळतो. पीएच ४ ला तो न कापलेलाच राहतो आणि पेशी गोल यीस्टच राहतात. पेशीभित्तिका विणणारी जनुकंसुद्धा पीएच बघून बदलतात: साधारण ५.५ च्या वर पीएचआर१, खाली पीएचआर२.

म्हणजे सतत पीएच २ च्या माध्यमात तंतूंची बायोफिल्म बनेल ही अपेक्षाच ठेवू नका. प्रयोग १ मधलं क्रिस्टल व्हायोलेट मेलेल्या किंवा निपचित पडलेल्या पेशींचं आहे. एवढ्या कमी पीएचला पेशीच्या पृष्ठभागावरचा ऋणभार घटतो, प्लास्टिक तिला दूर ढकलत नाही, आणि खाली बसलेली पेशी धुतल्यावरही निघत नाही. रंग तिलाही चढतो.

मग जठरात बायोफिल्म येते कुठून? पोकळीतला पीएच उपाशीपोटी १ ते २ असला तरी भिंतीवरच्या श्लेष्माच्या थरात बायकार्बोनेट सतत झिरपत असतं. मिलिमीटरभराच्याही आतल्या जाडीत पीएच २ वरून जवळजवळ ७ पर्यंत चढतो. यीस्टला थांबायला जागा मिळते ती तिथे, अन्नाच्या कणांच्या आत, किंवा आम्ल कमी झालेल्या जठरात.

शिवाय अल्बिकन्स आपल्याभोवतीचं आम्ल स्वतः मोडून काढू शकतो. ग्लुकोज संपलेलं आणि अमिनो आम्लं भरपूर असतील तर तो ती अमिनो आम्लं कार्बनसाठी खातो आणि अमोनिया बाहेर टाकतो. एसटीपी२ हा याचा मुख्य नियामक. बफर नसलेल्या माध्यमात पीएच ४ चा ७ च्या जवळ जायला एक रात्र पुरते आणि पाठोपाठ तंतू फुटतात. श्लेष्मातल्या एन-ॲसिटिलग्लुकोसामाइनवरही असाच परिणाम होतो. म्हणून कमी पीएचच्या कुठल्याही प्रयोगात सुरुवातीचा पीएच लिहून भागत नाही, शेवटचाही लिहायचा. 'पीएच ४ ला बायोफिल्म बनली' असं दिसलं की पहिली शंका ही घ्यायची की प्रयोग संपताना तिथे ४ होता का.

परळवासी

किण्वमित्रांनी पहिला प्रयोग घेतला, मी दुसरा घेतो. त्यातली चूक सहज नजरेतून सुटते आणि ती नुसत्या गणिताने पकडता येते.

पीएच ३ म्हणजे लिटरला १ मिलिमोल मुक्त आम्ल. २०० मायक्रोलिटरमध्ये ०.२ मायक्रोमोल. बस, एवढंच. आता खळग्यात उरतं काय ते बघा. पिपेटने कितीही ओढलं तरी बायोफिल्मच्या जाळ्यात १०-१५ मायक्रोलिटर द्रव राहतोच. न धुता थेट जठररस घातला असता तर त्या १५ मायक्रोलिटरमध्ये १६५ मिलिमोलर मॉप्स म्हणजे सुमारे २.५ मायक्रोमोल, आणि पीएच ७ ला त्यातला जवळजवळ १ मायक्रोमोल आम्ल शोषायला मोकळा. तुमच्या आम्लाच्या पाचपट! पीएच ६.५ च्या खाली उतरलाच नसता.

तुम्ही पीबीएसने एकदा धुतलं. मॉप्स पातळ झालं, पण त्याच्या जागी पीबीएसचं १० मिलिमोलर फॉस्फेट आलं. उरलेल्या १५ मायक्रोलिटरमध्ये दोन्ही मिळून ०.१५ मायक्रोमोलच्या आसपास आम्ल गिळलं जातं. पीएच ३ चा द्रव ४ च्या घरात पोचला. पेशींनी आणि गाभ्याने आणखी थोडं शोषलं ते वेगळंच. म्हणजे तुमच्या बायोफिल्मने २ तास पीएच ४ सोसला, आणि पीएच ४ ला अल्बिकन्स आरामात वाढतो.

उपाय सोपा आहे. पीबीएसने दोनदा धुवा, मग ०.८५ टक्के सलाईनने एकदा, मग तोच जठररस २०० मायक्रोलिटर भरून लगेच काढून टाका आणि पुन्हा ताजा भरा. घड्याळ दुसऱ्या भरण्यापासून लावा. द्रव ३७ अंशांवर आधी गरम केलेला हवा. पिपेटचं टोक खळग्याच्या भिंतीला टेकवून सोडायचं, बुडावर धार मारली तर बायोफिल्मचा तुकडा उचलून येतो आणि तो पुढे 'आम्लाचा परिणाम' म्हणून मोजला जातो.

खळग्यातला पीएच मोजायला दोन मार्ग. शेवटी १२ खळग्यांतला द्रव एका छोट्या नळीत गोळा करा, २.४ मिली होतो, बारीक इलेक्ट्रोड त्यात बुडतो. किंवा दोन-तीन फालतू खळग्यांत थोडं ब्रोमोफेनॉल ब्लू घाला. ३ च्या खाली पिवळं, ४.६ च्या वर निळं-जांभळं. प्रथिनं असली की हा रंग निळ्याकडे सरकतो, म्हणून पेप्सिन घातलेल्या खळग्यांत त्याच्यावर विसंबू नका. पण साध्या आम्लाच्या खळग्यात दहा मिनिटांत पिवळ्याची हिरवट झाक दिसू लागली की समजा, धुणं कमी पडलंय.

आणि एक. पीएच खरोखर ३ राहिला तरी २ तासांत फार घट दिसेलच असं नाही. पीएच ३ ला हा जीव मरत नाही, मंदावतो. फरक बघायचा तर पीएच २ आणि १.५ चे खळगे हवेतच.

माटुंगा_रसायन

परळवासी सर, किण्वमित्र, मनापासून आभार. हे गणित आधी करायला हवं होतं.

पुढचा प्रश्न बफरचा. पीएच ४ आणि ५ ला बायोफिल्म *बनते* का तेही बघायचंय, म्हणजे २४ तास पीएच धरून ठेवणारं काहीतरी लागेल. लॅबमध्ये ॲसिटेट बफर तयार आहे. चालेल का?

किण्वमित्र

ॲसिटेट अजिबात नको. या धाग्यातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या: यीस्टसाठी पीएच आणि आम्ल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हायड्रोक्लोरिक ॲसिड पूर्ण विघटित होतं. त्याचा प्रोटॉन पेशीपटलातून सहज आत जात नाही, आणि जो झिरपतो त्याला पीएमए१ हा पंप एटीपी खर्चून बाहेर काढतो. बाहेर २ आणि आत ७ म्हणजे एक लाखपट फरक, तरी पंप चालू असेपर्यंत पेशी तग धरते. ॲसिटिक आम्लाचा पीकेए (ज्या पीएचला निम्मं आम्ल विघटित असतं तो) ४.७६. पीएच ३ ला त्यातलं ९८ टक्के अविघटित असतं आणि ते पटलातून सरळ आत शिरतं. आत पीएच ७, तिथे ते तुटतं, प्रोटॉन आतच सुटतो, ॲसिटेट आतच साचतं. पंप बाहेर काढतोय आणि आम्ल मागच्या दाराने येतंय. पीएच ६ ला अविघटित भाग ५ टक्क्यांवर येतो, म्हणून तेच ॲसिटेट तिथे निरुपद्रवी वाटतं. तुम्ही पीएच ४ चा परिणाम म्हणून जे मोजाल तो ॲसिटिक आम्लाचा परिणाम असेल.

लॅक्टिकचा पीकेए ३.८६, म्हणजे पीएच ३ ला ८८ टक्के अविघटित, ५ ला ७ टक्के. दही-ताकाचा किंवा लॅक्टोबॅसिलसचा विचार करताना हे आकडे हाताशी ठेवा.

तुमच्या कामाला मॅकिलव्हेनचा सायट्रेट-फॉस्फेट बफर. ०.१ मोलर सायट्रिक आम्ल आणि ०.२ मोलर डायसोडियम फॉस्फेट. १०० मिलीसाठी पीएच ३ ला फॉस्फेट २०.५५ आणि सायट्रिक ७९.४५ मिली, पीएच ४ ला ३८.५५ आणि ६१.४५, पीएच ५ ला ५१.५ आणि ४८.५. मीटरवर तपासून घ्याच. हा माध्यमात घालताना अंतिम सायट्रेट कमीत कमी ठेवा. सायट्रेट कॅल्शियम पकडून ठेवतं, आणि सॅकरोमायसिस या पाव-वाइनच्या यीस्टमधली एफएलओ कुटुंबातली प्रथिनं एकमेकांना धरायला कॅल्शियमच वापरतात. म्हणून एक कंट्रोल सक्तीचा: पीएच ७ चं माध्यम, तेवढ्याच सायट्रेटसह. तिथे बायोफिल्म पातळ झाली तर दोष पीएचचा नाही, सायट्रेटचा.

मॉप्स ६.५ ते ७.९ मध्येच काम करतं. पीएच २ ला ते नुसतं मीठ.

पेशींची संख्या १० लाख प्रति मिली हीच ठेवा, 'जरा जास्त घालू' म्हणून वाढवू नका. त्याच्या वर गेलात की पेशींनीच सोडलेलं फार्नेसोल तंतू दाबू लागतं, आणि तेही पीएचच्या खात्यावर जमा होईल.

जठरांत्र_वैद्य

पोटविकाराच्या बाजूने थोडी भर.

जठराचा पीएच म्हणजे एक आकडा नव्हे. जेवणाने तो ४-५, कधी ६ पर्यंत चढतो आणि दोनेक तासांत हळूहळू पुन्हा उतरतो. नुसतं पाणी अर्ध्या तासात बरंचसं पुढे सरकतं, घट्ट जेवण २ ते ४ तास थांबतं. म्हणून जेवणाबरोबर गिळलेलं यीस्ट पीएच ५ पासून सुरुवात करतं, पाण्याबरोबर गिळलेलं थेट दीड-दोनमध्ये पडतं पण लवकर निसटतं. प्रोटॉन पंप रोखणाऱ्या गोळ्या नियमित घेणाऱ्याचा पीएच दिवसाचा बराच काळ ४ च्या वर असतो.

जठरात खरीखुरी, हाताने धरून दाखवता येईल अशी कॅन्डिडाची बायोफिल्म बघायची तर पोटाच्या भिंतीतून जठरात घातलेली, अन्न द्यायची नळी, म्हणजे पेग ट्यूब, बघा. सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनच्या नळीवर महिन्यांमागून महिने थर साचतो, यीस्ट भिंतीच्या आत शिरतं, नळी फुगीर, खरबरीत, ठिसूळ होते आणि शेवटी चिरते. वरून दर काही तासांनी जवळजवळ उदासीन पीएचचा पातळ आहार जातो, रुग्ण बहुधा आम्ल कमी करणाऱ्या औषधावर असतो, आणि प्लास्टिकवर श्लेष्मासारखं काही गळून नवं येत नाही. किण्वमित्र म्हणतात तशी, आम्लापासून आडोसा असलेली जागा हीच. अशी नळी औषधाने स्वच्छ होत नाही, बदलावी लागते.

औषधांचं म्हणाल तर बायोफिल्मच्या गाभ्यातलं बीटा-१,३-ग्लुकन फ्लुकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाला धरून ठेवतं, ते पेशीपर्यंत पोचतच नाही. पीएच हा वेगळा घटक. ॲम्फोटेरिसिन हे दुसरं बुरशीविरोधी औषध कमी पीएचला दुबळं पडतं. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूलला विरघळायला पोटात आम्ल लागतं, म्हणून ती आम्लरोधक गोळ्यांबरोबर नीट शोषली जात नाही. फ्लुकोनाझोलला ती अडचण नाही.

प्रकल्पात लिहिताना एक काळजी घ्या. एंडोस्कोपीत जठररसात कॅन्डिडा सापडला म्हणजे रोग झाला असं नाही. तोंडातून गिळलेलंही सापडतं. बायोप्सीत तंतू ऊतीत घुसलेले दिसले, पीएएस किंवा चांदीच्या रंगाने, तर गोष्ट वेगळी. आणि उंदरांवरचे निबंध वाचताना लक्षात असू द्या की उंदराच्या जठराचा पुढचा भाग कडक, त्वचेसारख्या आवरणाचा असतो, तिथे ग्रंथी नसतात. यीस्ट तिथे छान धरतं. माणसाच्या जठरात तो भाग नाही.

गिरगावकर

धागा वाचतोय, विषय माझा नाही पण एक शंका. खारवलेल्या कैऱ्यांच्या बरणीत वर पांढरा पापुद्रा येतो. मीठही भरपूर, आंबटही भरपूर. ती बायोफिल्मच ना? मग आम्लात बनत नाही हे कसं? आणि पावातलं यीस्ट पोटात जाऊन वाढतं असं म्हणतात त्यात तथ्य आहे का?

किण्वमित्र

गिरगावकर, शंका अगदी मर्मावर आहे. मी वर म्हटलं ते अल्बिकन्सच्या *तंतूंच्या* बायोफिल्मबद्दल आणि पीएच २ बद्दल. खारातला पापुद्रा म्हणजे पिकिया, डेबॅरिओमायसीस आणि त्यांची भावंडं. तिथला पीएच साधारण ३ ते ४. ही यीस्ट तंतू न काढताही एकमेकांना धरून पृष्ठभागावर तरंगतात.

ती वरच का येतात? हवेसाठी. खाराच्या आत प्राणवायू नाही, वर आहे, आणि तो मिळाला की ती खारातलं लॅक्टिक आम्लच खातात. चमच्याने पापुद्रा बाजूला केला तर तो सुरकुतलेल्या सायीसारखा एकसंध सरकतो, दोन दिवसांत पुन्हा धरतो. लॅक्टिक आम्ल संपत गेलं की खाराचा पीएच चढतो आणि मग खरे नासवणारे जंतू येतात. लोणच्यावर बोटभर तेल ठेवायची रीत आहे ती हवा तोडण्यासाठीच. शेरी वाइनवर तरंगणारा सॅकरोमायसिसचा थरही असाच, तिथे एफएलओ११ हे प्रथिन पेशीला पाणी न लागणारी करतं. जठराच्या पोकळीत प्राणवायू नगण्य, द्रव सतत घुसळला जातो आणि काही तासांत पुढे ढकलला जातो. तरंगता पापुद्रा धरायला तिथे स्थिर पृष्ठभागच नाही.

माटुंगा_रसायन, यातून तुमच्यासाठी: एखादी प्रजाती तुलनेला घ्यायची तर पिकिया कुद्रियावझेवी घ्या, म्हणजे जुनी कॅन्डिडा क्रुसाय. आम्ल सोसण्यात ती अल्बिकन्सच्या पुढे आहे, फ्लुकोनाझोलला मुळातच दाद देत नाही. कॅन्डिडा ग्लाब्राटाही चांगली: तंतू काढतच नाही, ईपीए या चिकटणाऱ्या प्रथिनांवर धरते, थर पातळ पण दाट. तंतू गेल्यावर बायोफिल्मचं काय उरतं हे तिच्याकडून कळेल.

पावाचं: भाजताना लादीच्या आतलं तापमान ९० अंशांच्या पुढे जातं, यीस्ट तिथेच मरतं.

सॅशे_ते_सॅशे

प्रोबायोटिकच्या बाजूने थोडक्यात. सॅकरोमायसिस बुलार्डीचा दाखला दिला जातो, 'हे यीस्ट आम्लात टिकतं' म्हणून. टिकतं खरं, आणि ३७ अंशांवर बेकरीच्या यीस्टपेक्षा चांगलं वाढतं. पण ते जठरात बायोफिल्म करून राहत नाही. घेणं थांबवलं की काही दिवसांत शरीरातून निघून जातं. टिकणं आणि वसणं यांतला फरक दाखवायला याच्यासारखा कंट्रोल नाही.

प्रयोगात वापरणार असाल तर पावडर थेट आम्लात टाकू नका. गोठवून सुकवलेल्या पेशीचं पटल पाणी शोषताना काही मिनिटं गळकं असतं, आणि तेव्हाच आम्ल लागलं तर मोठा हिस्सा मरतो. आधी ३७ अंशांच्या सलाईन किंवा पेप्टोन पाण्यात १५-२० मिनिटं भिजवा. दोन्ही रीतींनी करून बघा, फरकच एक निकाल आहे.

अल्जिनेटच्या मण्यांत बंद करणार असाल तर २ टक्के सोडियम अल्जिनेट, ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब थेंब. आम्लात मणी आवळतात, यीस्ट आत राहतं. मोजायच्या वेळी सायट्रेटमध्ये विरघळवा. आणि म्हणूनच वरचा मॅकिलव्हेन बफर मण्यांना चालणार नाही, मणीच विरघळतील.

सूचना: बुलार्डीची पाकिटं मध्यवर्ती शिरेत नळी असलेल्या रुग्णाजवळ उघडू नयेत. हवेतून, हातावरून यीस्ट नळीवर जातं आणि रक्तात उतरतं.

परळवासी

आता मोजमाप. इथे सर्वात जास्त घोळ होतो, म्हणून सविस्तर.

एक्सटीटी पेशींची श्वसनक्रिया मोजतं, संख्या नाही. आम्लातून नुकतीच निघालेली पेशी जिवंत असूनही थंड पडलेली असू शकते. उपाशी यीस्टचं आतलं द्रव्य पीएच घटल्यावर घट्ट होतं, पेशी जणू झोपी जाते, ग्लुकोज मिळालं की पीएमए१ काही मिनिटांत जागा होतो आणि गाडी चालू. म्हणून आम्ल काढल्यावर पीबीएसने धुऊन ताज्या वायपीडीत (ग्लुकोज असलेल्या पोषक माध्यमात) ३० मिनिटं ठेवा, पुन्हा धुवा आणि मग एक्सटीटी घाला: ०.५ मिग्रॅ प्रति मिली, मेनाडायोन १ मायक्रोमोलर, अंधारात ३७ अंशांवर २ तास, वाचन ४९० नॅनोमीटरला. विश्रांती दिलेले आणि न दिलेले, दोन्ही खळगे ठेवा. आम्ल शिल्लक असताना एक्सटीटी घालू नका. पेशी बिचकलेल्या असतात आणि आकडा नुसता कमी दिसतो.

क्रिस्टल व्हायोलेट एकूण वस्तुमान मोजतं, मेलेलंही. मिथेनॉलने १५ मिनिटं स्थिर करा, ०.१ टक्के रंग २० मिनिटं, धुणं पाणी स्वच्छ येईपर्यंत, ३३ टक्के ॲसिटिक आम्लाने रंग सोडवा, ५९० ला वाचा.

खरा निवाडा वसाहती मोजून. खळगा खरवडा, १ मिलीत घ्या, ३० सेकंद व्होर्टेक्स (यंत्रावर जोरात घुसळणं). तंतूंचे गुच्छ सुटत नाहीत, एका गुच्छाची एकच वसाहत दिसते आणि मृत्यूचा आकडा फुगतो. म्हणून मिश्रणाचा एक थेंब ४० पट भिंगाखाली बघा. गुच्छ दिसले तर बर्फात नळी ठेवून हलकं सोनिकेशन (ध्वनिलहरींनी गुच्छ सुटे करणं), आणि सोनिकेशनने पेशी मरत नाहीत ना याचा आम्ल न लावलेला कंट्रोल. आम्लातून काढलेला जठररसही वेगळा पेरा. बायोफिल्मवरून सुटून गेलेल्या जिवंत पेशी तिथे असतात, त्या मेल्या असं धरलंत तर चूक.

मेथिलीन ब्लू हा झटपट आधार: न्यूबाउअर चेंबरमध्ये (पेशी मोजायच्या काचेवर) जिवंत पेशी रंग मोडून पांढरी राहते, मेलेली निळी. फिकट निळ्या पेशी दिसतील, त्यांचा रकाना वेगळा ठेवा. प्रोपिडियम आयोडाइड या, पटल फाटलेल्या पेशींत शिरणाऱ्या रंगाबद्दलही हेच. आम्लाने पटल तात्पुरतं गळकं होतं, रंग आत जातो, पुढे पेशी सावरते.

हे तीन-चार आकडे जुळणार नाहीत, आणि जुळवायला जाऊ नका. क्रिस्टल व्हायोलेट तेवढंच, वसाहती हजारपट कमी, याचा अर्थ सांगाडा उभा आहे आणि रहिवासी गेलेत. त्या सांगाड्यावर पुढची पेशी सहज धरते, म्हणून तोही निकालच.

पेप्सिन. इन्फोजेस्ट या, प्रयोगशाळेत पचन घडवायच्या प्रमाणित पद्धतीत जठराचा टप्पा म्हणजे पीएच ३, ३७ अंश, २ तास, पेप्सिन २००० युनिट प्रति मिली. बाटलीवर '१:३०००' किंवा '१:१०,०००' असेल तर ती ही युनिटं नाहीत. पीएच २ ला हिमोग्लोबिनवर स्वतः मोजा. मिग्रॅमागे ८०० युनिट निघाली तर २.५ मिग्रॅ प्रति मिली लागेल. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पेप्सिनची बाटली फ्रीजमधून काढून लगेच उघडली तर पावडर क्षणात दमट होते. बंद बाटली डेसिकेटरमध्ये अर्धा तास ठेवून मग उघडा, वजन करून छोट्या नळ्यांत वाटून ठेवा. पेप्सिनशिवाय आम्ल आणि उकळून निकामी केलेलं पेप्सिन, असे दोन्ही कंट्रोल हवेत. इन्फोजेस्टच्या द्रवात बायकार्बोनेट असतं, आम्ल घातल्यावर ते कार्बन डायऑक्साइड होऊन उडतं आणि उघड्या भांड्यात पीएच वर सरकत राहतो. वापरण्याआधी पंधरा मिनिटं हलकं ढवळत ठेवून पुन्हा पीएच लावा.

प्लेटच्या कडेचे ३६ खळगे निर्जंतुक पाण्याने भरून सोडा, नमुने आतल्या ६० मध्ये. झाकणाला पॅराफिल्म, खाली ओला टिश्यू असलेला डबा. वातानुकूलित खोलीतून दमट कॉरिडॉरमध्ये प्लेट नेली की झाकणावर दव धरतं आणि एका खळग्याचा थेंब दुसऱ्यात जातो.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पवईला आयआयटीच्या सैफ या उपकरण केंद्रात नमुना न्यायचा तर लॅबमध्येच २.५ टक्के ग्लुटाराल्डिहाइडने स्थिर करून न्या, जिवंत प्लेट घेऊन प्रवास नको. इथेनॉलने निर्जल करताना गाभा आकसून दोऱ्या-दोऱ्यांसारखा दिसतो. चित्राखाली तसं लिहा.

माटुंगा_रसायन

सुधारित आराखडा असा केलाय, तपासून द्याल का? पीएच ७ ला ९० मिनिटं धरणं, धुणं, २४ तास वाढ. मग तीन गट. एक: पीएच २, ०-१५-३०-६०-१२० मिनिटं. दोन: पीएच ३ अधिक पेप्सिन, २ तास. तीन: जेवणासारखा उतार, दर ३० मिनिटांनी द्रव बदलून ५.५, ४.५, ३.५, २.५, २. प्रत्येक गटात एक्सटीटी, क्रिस्टल व्हायोलेट, वसाहती. प्रत्येकी ८ खळगे, म्हणजे एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) ८.

परळवासी

आराखडा चांगला आहे, तीन दुरुस्त्या.

८ खळगे म्हणजे एन ८ नव्हे. एकाच रात्रीच्या वाढीतून भरलेले ८ खळगे मिळून एन १. तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या वसाहतींपासून सुरू केलेल्या वाढीतून करा, खळगे ४ केलेत तरी चालतील.

तिसऱ्या गटात चार वेळा द्रव बदलला जातो, म्हणजे चार वेळा पेशी सुटून जायची संधी. कंट्रोलमध्येही सलाईन चार वेळा बदला, नाहीतर धुऊन गेलेलं आम्लाच्या नावावर जाईल. काढलेला प्रत्येक द्रव पेरा.

आम्ल थांबवायला नमुना लगेच दहापट पीबीएसमध्ये. पीएच २ चं २०० मायक्रोलिटर म्हणजे २ मायक्रोमोल आम्ल, १.८ मिली पीबीएस ते सहज पचवतं. पण १५ मिनिटांच्या नमुन्यात हे करायला दोन मिनिटं लागली तर वेळ १७ झाली. बारा टोकांचं पिपेट घ्या, खळगे भरण्याच्या क्रमानेच थांबवा.

किण्वमित्र

चौथी माझ्याकडून. बायोफिल्मबरोबर सुट्या पेशींचा गट हवाच, तोही तेवढ्याच वयाचा. २४ तासांची बायोफिल्म आणि ताज्या, भराभर वाढणाऱ्या सुट्या पेशी यांची तुलना केलीत तर फरक दिसेल तो वयाचा. वाढ थांबलेली पेशी एकटीही आम्लाला जास्त सोसते. २४ तास त्याच आरपीएमआयमध्ये वाढवलेल्या सुट्या पेशी घ्या. त्या ३७ अंशांवर तंतू काढून गुच्छ करतील, तेव्हा परळवासींचं सोनिकेशन इथेही.

आणि शेवटी बायोफिल्म खरवडून, सुटी करून, मग त्या पेशींना पीएच २ द्या. सुट्या झाल्यावरही टिकल्या तर बळ पेशीत आहे, मेल्या तर रचनेत.

माटुंगा_रसायन

हा शेवटचा गट डोक्यातच आला नव्हता. घेते. सोमवारी पहिल्या प्लेट्स लावते, खळग्यांतल्या शेवटच्या पीएचसकट आकडे इथेच टाकेन.